वहिनींच्या चार तुकड्या

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत पर्यवेक्षिका होत्या. शिकवायच्या थोडं, बघायच्या जास्त. शाळा सुरू झाली की पहिल्याच दिवशी पाचवीत आलेल्या सगळ्या पोरांना पटांगणात रांगेत उभं करायचं आणि त्यांच्या अ, ब, क, ड अशा चार तुकड्या पाडायच्या, हे त्यांचं खास काम. दुसऱ्या शाळांत त्यासाठी म्हणे परीक्षा घेतात. वहिनींना परीक्षा लागत नसे. त्या रांगेवरून एकदा चालत जायच्या आणि बोट दाखवत म्हणायच्या, "अ. ब. ब. ड. क. ड." मंडईत भेंडी मोडून बघतात ना, तितकासुद्धा वेळ घ्यायच्या नाहीत. पोरं त्यांना पाठीमागे तुकडीबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

घरातही तोच खाक्या. त्यांच्याकडे चार प्रकारचे कप होते आणि कुठल्या पाहुण्याला कुठला, हे पाहुणा जिन्यात असतानाच ठरलेलं असायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कान तुटलेला कप मिळाला नाही, पण सोनेरी काठाचाही मिळाला नाही. साधा पांढरा मिळाला. माझी लायकी मला तिथेच कळली. आमचे हे म्हणाले, "नशीबवान आहेस. मला अजून स्टीलचा पेला मिळतो."

त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि दिसत नसलं की भिंग बदलायचं. वहिनींच्या मते हे काम 'बरं' आहे.

निवृत्त झाल्यावर वहिनींचं काय होणार, याची आम्हाला सगळ्यांना धास्ती होती. त्यांच्या मुलीने त्यावर उपाय काढला. तिने आईला नवा फोन घेऊन दिला, सोशल मीडियावर खातं उघडून दिलं आणि स्वतः लांबच्या शहरात सासरी निघून गेली. निस्तरायला आम्ही होतोच.

वहिनींनी दिसेल त्याला फॉलो केलं. जुने विद्यार्थी, जुने शिक्षक, नातेवाईक, नातेवाइकांचे नातेवाईक. महिन्याभरात त्यांच्या फोनवर इतकी गर्दी झाली, की त्या कपाळ धरून माझ्याकडे आल्या.

"अगं, हे काय आहे? मधल्या सुट्टीत पोरं सोडल्यासारखं! वर आमच्या मुख्याध्यापक सरांचा सुविचार, त्याच्याखाली कुणाचा तरी कुत्रा, कुत्र्याखाली आमच्या विहीणबाईंचा गुडघेदुखीवरचा काढा आणि त्याच्याखाली परत कुत्रा. कुणी शिस्त लावत नाही का यांना?"

"वहिनी, नको त्यांना काढून टाका."

"काढून कसं टाकणार? विहीणबाई आहेत त्या!"

मुलीला फोन झाला. ती ऑफिसात होती, घाईत होती. ती म्हणाली, "आई, त्यात याद्या करता येतात. ज्यांचं वाचायचं ते एका यादीत टाक, बाकीचे दुसऱ्या. झालं." एवढं सांगून तिने फोन ठेवला. वहिनींचा चेहरा मी त्या वेळी बघितला होता. बऱ्याच दिवसांनी घंटा ऐकू आल्यासारखा झाला होता.

रविवारची सगळी दुपार त्या चष्मा लावून बसल्या. याद्या किती, हे विचारायची गरजच नव्हती. ॲपमध्ये यादीच्या नावाखाली 'वर्णन' असा एक रकाना असतो. भरला नाही तरी चालतो. पण रकाना रिकामा सोडणं वहिनींच्या रक्तात नाही. म्हणून त्यांनी लिहिलं:

अ तुकडी: विचार करून लिहितात. रोज वाचावेत.

ब तुकडी: बरे आहेत. लक्ष दिल्यास सुधारतील.

क तुकडी: स्वतःचेच फोटो टाकतात. आठवड्यातून एकदा बघावेत.

ड तुकडी: वाया गेलेले. नात्यामुळे किंवा ओळखीमुळे काढता येत नाहीत.

त्याच पानावर खाली 'फक्त मला दिसेल' असं एक बारीकसं बटण होतं. वहिनींनी ते दाबलं नाही. त्यांना वाटलं, माझी यादी मला नाही तर कुणाला दिसणार? मग एकेकाला उचलून त्या तुकडीत बसवत गेल्या, आणि तिकडे एकेकाच्या फोनवर निरोप वाजत गेला: अमुक यांनी तुम्हाला 'ड तुकडी' या यादीत घेतले आहे. निरोपावर बोट ठेवलं की वर्णनही उघडत होतं.

माझाही फोन वाजला. मी क. मी वर्षातून एक फोटो टाकते, तोही दुकानाने सक्ती केली म्हणून. पण ते असो.

मी वर धावले. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, गॅलरीत कुंड्यांपाशी उभे होते. कुंड्यांतले टोमॅटो हा त्यांचा जीव की प्राण. फूल आलं की फोटो, फळ धरलं की फोटो, पिकलं की दोन्ही बाजूंनी फोटो. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"बघ. जन्मभर एका छताखाली राहून ड."

"अहो, टोमॅटो किती वेळा बघायचा माणसाने?" आतून वहिनी म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "पण तुम्हाला कसं कळलं?"

मी त्यांना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. असं वाटलं, आता पाणी द्यावं लागणार. पण वहिनी त्या वहिनीच. घोटभर हवा घेतली, ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "लागला तो लागला. निकाल लावून मागे घ्यायची माझी पद्धत नाही."

त्या संध्याकाळपासून फोन थांबेना. मुलीचा पहिला. "आई, सासूबाई ड मध्ये? दुपारपासून घरात कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीयेत!"

"मग तुझा फायदाच झाला की."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सर स्वतः आले. यांच्या हाताखाली वहिनींनी जन्म काढलेला. सर नेहमी छाती पुढे काढून चालायचे, त्या दिवशी दारात चपला काढताना दोनदा घसा खाकरला. त्यांना सोनेरी काठाचाच कप मिळाला. चहा संपेपर्यंत ते हवापाण्यावर बोलले, मग म्हणाले, "बाई, मी ब मध्ये कसा? मी रोज पहाटे एक विचार टाकतो. एक दिवस चुकवलेला नाही."

"विचार चांगले असतात सर," वहिनी म्हणाल्या, "पण ते तुमचे नसतात."

सर उठले ते चपला उलट्या पायांत घालूनच जिना उतरले.

अ तुकडीत मात्र आनंदीआनंद होता. त्यात गावातला दातांचा डॉक्टर होता. शाळेतही अ मध्येच होता, बाईंचा लाडका. त्याने लगेच लिहिलं, 'गुरूंनी पुन्हा एकदा विश्वास दाखवला. नम्र आहे.' त्याखाली अ तुकडीतल्या बाकीच्यांनी त्याचं अभिनंदन केलं, त्याने त्यांचं केलं, आणि मग तिथे कुणालाच पुढे काही सुचेना. आता अ मध्ये आहोत म्हटल्यावर वाटेल ते लिहून कसं चालेल? एकेक जण शिस्त, वाचन आणि वेळेचं महत्त्व यांवर लांबलचक लिहू लागला. वहिनी रोज सकाळी ते वाचायला बसायच्या. दुसऱ्या परिच्छेदाला मान खाली जायची.

खरी धमाल ड मध्ये उसळली. सुरुवात केली पार्लरवालीने. बाजाराच्या वरच्या रस्त्यावर तिचं केस कापायचं दुकान आहे, तीन खुर्च्यांचं. ती वहिनींची जुनी विद्यार्थिनी. तिने यादीचा फोटो टाकून लिहिलं, 'पाचवीतही ड, आज पण ड. बाई, सातत्याचं बक्षीस असतं का?' खाली भाऊजींनी लिहिलं, 'मी तर घरातला ड आहे. माझा विचार आधी व्हावा.' विहीणबाईंनी राग राग करून काढा पाठवला, तर कुणीतरी विचारलं, हा प्यायल्यावर क मध्ये जाता येतं का? विहीणबाईंना हसू आलं असावं, कारण त्यांनी उत्तर दिलं, 'नाही. पण ब वाल्यांना पाजल्यास ते खाली येतात.' ही बाई विनोद करते, हे तिच्या सुनेलासुद्धा पहिल्यांदाच कळलं.

यादी उघडली की त्यातल्या सगळ्यांनी लिहिलेलं एकाखाली एक दिसायचं, त्यामुळे चार दिवसांत वहिनींची ड तुकडीची यादी गावभर लोक उघडून वाचायला लागले. माझ्या दुकानात डोळ्यांच्या तपासणीला आलेली माणसं भिंतीवरच्या अक्षरांऐवजी फोनमधली वाचत बसायची.

इकडे मुलगी आईच्या मागे लागली होती, सासूबाईंना वर घे. वहिनी बधल्या नाहीत. शेवटी ती रडली. रडल्यावर मात्र वहिनींनी आयुष्यात प्रथमच निकाल बदलला आणि विहीणबाईंना ड मधून उचलून थेट अ मध्ये नेऊन बसवलं. त्याचाही निरोप गेला. अर्ध्या तासात विहीणबाईंचा फोन. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला, मला ऐकवायला, कारण आभाराचा असेल असं त्यांना वाटलं होतं.

"मी काय वाईट केलं होतं हो तुमचं?" विहीणबाई कडाडल्या. "आत्ता कुठे चार माणसं माझ्याशी बोलायला लागली होती! त्या दातवाल्याच्या शेजारी बसवलंत मला. त्याने मला सकाळी हिरड्यांवरचा लेख पाठवला. मला आत्ताच्या आत्ता ड मध्ये घाला!"

घालावं लागलं. मग तर रीघच लागली. ब मधल्या एका बाईंनी लिहिलं, माझी प्रगती बघता मला खाली घेण्यात यावं. आमच्या ह्यांना कुठेच घेतलं नव्हतं, कारण हे सोशल मीडियावरच नाहीत. त्यांनी ड साठी खातं उघडलं. मुख्याध्यापक सरांनी मला दुकानात गाठलं, चष्म्याच्या चौकटी बघायचं निमित्त केलं आणि हळूच म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंना सांगून बघा ना. मी हल्ली विनोदही टाकतो."

मी वहिनींना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "तेही दुसऱ्याचेच असतील. ड मध्ये यायला काहीतरी पात्रता लागते." बोलून गेल्या आणि आपण काय बोललो हे कळल्यावर फटकन स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पार्लरवालीने मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ड तुकडीला चहाला बोलावलं. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, टोमॅटोची पिशवी घेऊन निघाले. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी इतकी तयारी केलेली मी बघितली नव्हती. वहिनी पेपर वाचत होत्या. वर बघितलं नाही.

ते जाऊन थोडा वेळ झाला असेल, तर वहिनी खाली आल्या. पायांत बाहेरचे बूट.

"हे किल्ली घेऊन गेलेत. दार लागलं माझं. चल, आणू या."

दुसरी किल्ली आमच्याकडे खिळ्याला टांगलेली असते, हे त्यांना चांगलं ठाऊक. ती त्यांच्या खांद्यामागेच लटकत होती. मी पर्स घेतली.

पार्लरचं शटर अर्धं वर होतं. आत ही गर्दी. तिन्ही खुर्च्या, बाक, केस धुवायच्या बेसिनचा कट्टा, सगळीकडे माणसं. विहीणबाई खास गाडी करून आल्या होत्या आणि ड्रायरच्या हेल्मेटखाली डोकं घालून फोटो काढून घेत होत्या. भाऊजी टोमॅटो वाटत होते. माणसं आवडीने घेत होती, वास घेत होती. वहिनी वाकून शटरखालून आत आल्या आणि सगळे उभे राहिले. सवयच ती. पन्नाशीची माणसंसुद्धा उभी राहिली.

"बसा, बसा," वहिनी म्हणाल्या. "मी किल्लीसाठी आलेय."

"बाई, चहा घ्या," पार्लरवाली म्हणाली. तिने कागदी पेला दिला. तिथे सगळ्यांना कागदी पेलेच होते. वहिनींना मधली खुर्ची मिळाली, ती वरखाली होणारी, आणि समोरच्या आरशात त्या स्वतःला दिसत होत्या. मग गप्पा परत सुरू झाल्या, जरा सांभाळून. कुणीतरी हसत विचारलं, "बाई, आता तरी सांगा. पाचवीत तुम्ही तुकडी ठरवायचात कशावरून? आम्ही तर तोंडही उघडलेलं नसायचं."

वहिनी खुलल्या. हा त्यांच्या कसबाचा प्रश्न होता. "सोपं असतं," त्या म्हणाल्या. "तोंडाकडे बघायचंच नाही. तोंडं सगळ्यांची सारखीच असतात, रडवेली. मी बूट बघायचे."

"बूट?"

"बुटांवरून घर कळतं. घरावरून पोरगं कळतं. नवे, पॉलिश केलेले बूट असले की घरी कुणीतरी लक्ष देणारं आहे. झिजलेले, वादी तुटलेले असले की समजायचं. मला कधी दगा नाही दिला बुटांनी."

काहींनी नकळत पाय खुर्चीखाली घेतले. पार्लरवाली केराचा डबा सरकवत होती, ती सरळ झाली.

"माझे बूट आठवतात, बाई?"

"इतक्या पोरांतून कसे आठवतील?"

"ते दादाचे होते. दादा दोन वर्षं आधी पाचवीत आला, तेव्हा ते नवे होते. त्याला तुम्ही अ दिलात. मग ते मला आले. तेच बूट, बाई. नवे परवडत नव्हते. दादाला मात्र दरवर्षी घेत होते, कारण तो अ मध्ये होता ना."

"तुझा दादा कोण?"

"तुमच्या अ तुकडीतला. दातांचा डॉक्टर."

मी वहिनींकडे थेट बघितलं नाही, आरशात बघितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी पेला ओठांना लावला, तो रिकामा होता, तरी त्या प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुझं अक्षरही वाईट होतं."

"अजूनही आहे," पार्लरवाली म्हणाली. "पण ते तुम्ही नंतर बघितलंत. ड मध्ये गेल्यावर अक्षराकडे बघायला कोण बसलं होतं, बाई?" ती ओरडली नाही. तिने वहिनींच्या हातातला पेला घेतला आणि विचारलं, "अजून अर्धा देऊ?"

वहिनी नको म्हणाल्या. भाऊजींनी किल्ली पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत मी काही बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "समोर बघून चाल." वर गेल्यावर दार लावून घेतलं. भाऊजी उशिरा परतले, रिकामी पिशवी हलवत.

वहिनींनी माफी मागितली का, असं मला बरेच जण विचारतात. नाही मागितली. ज्या बाईने हजारो पोरांचे बूट बघितले, तिने एकीची माफी मागितली तर बाकीच्यांची रांग कुठवर जाईल, हे त्यांनाही कळत असणार. त्यांनी एवढंच केलं, की दोन दिवसांनी फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"हे पुसायचं कसं? आणि पुसल्याचा निरोप जातो का सगळ्यांना?"

"नाही जात."

"बघ बाई नीट. तुझं काही खरं नसतं."

मी चारही याद्या पुसून दिल्या. तोवर ड तुकडीने आपापसांत स्वतःचा गट केला होता. त्यांना आता बाईंची गरज उरली नव्हती. आमचे हे त्यात आहेत. मुख्याध्यापक सरांनाही शेवटी घेतलं, पण काही लिहायचं नाही या अटीवर. वहिनींच्या फोनवर पुन्हा सुविचार, कुत्रा, काढा, कुत्रा. त्या रोज चिडतात आणि शेवटपर्यंत वाचतात.

त्यातच एक दिवस दातांच्या डॉक्टरचा लेख आला. बुटांची गोष्ट त्याच्या कानावर गेलेली दिसत होती. 'संधी आणि समाज' असं नाव. समान संधीअभावी किती कळ्या कोमेजतात, वगैरे. बहिणीचा उल्लेख कुठेही नव्हता. खाली जुन्या अ तुकडीने 'डोळ्यांत पाणी आलं', 'संवेदनशील' असं लिहिलं होतं. वहिनी माझ्या समोरच बसून वाचत होत्या. या खेपेला मान खाली गेली नाही. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी त्याखाली आयुष्यातली पहिली कॉमेंट लिहिली: 'आधी बहिणीला फोन कर.'

डॉक्टरने ती कॉमेंट पुसली. पण अर्ध्या गावाने वाचून झाल्यावर.

पुढच्या आठवड्यात मी केस कापायला पार्लरमध्ये गेले. पार्लरवालीने मागून टॉवेल बांधता बांधता सांगितलं, "दादाचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"दात कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, सगळे आहेत. मग म्हणाला, एकदा येऊन जा, फुकट तपासतो."

"जाणार?"

तिने कात्री झटकली. "मान खाली घ्या," ती म्हणाली. "जाईन. माझी एक दाढ खरंच दुखतेय."